बाई, मला सांगायचंय

वेदांतचा हात मोडला तेव्हा मी त्याच्यापासून फार तर पंधरा फुटांवर होते. खिडकीपाशी उभी.

जुलैचा पहिला आठवडा, मधली सुट्टी. आमच्या शाळेत पाण्याच्या टाकीला एक कट्टा आहे, पोरांच्या डोक्याएवढा. त्यावर चढून उड्या मारायच्या नाहीत हे मी रोज सांगते आणि पोरं रोज मारतात. वेदांत दुसरीतला. (मुलांची नावं इथं बदलली आहेत.) उडी चुकली, डाव्या हातावर पडला. उठला, चड्डीची माती झटकली आणि घंटा झाली तसा वर्गात येऊन जागेवर बसला. पुढं दोन तास मी वजाबाकी शिकवली. त्यानं सगळी गणितं केली, डावा हात मांडीवर ठेवून. वहीचं पान उलटताना वही कोपरानं दाबून धरत होता. ते मी बघितलंही होतं, आळस करतोय असं वाटलं. पाच वाजता आजी न्यायला आली. दप्तर अडकवायला तिनं त्याचा हात धरला, आणि पोरानं जी किंकाळी फोडली ती ऐकून पलीकडच्या वर्गातून सर धावत आले.

तालुक्याला नेऊन एक्सरे काढला. ओली काटकी मोडायला गेलं की तिचे दोन तुकडे होत नाहीत, ती वाकते आणि एका अंगानं चिरते. लहान मुलांचं हाड पुष्कळदा तसं मोडतं, असं डॉक्टरांनी समजावलं. तीन आठवडे प्लास्टर.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर त्याच्या घरी गेले. "अरे, एवढं दुखत होतं तर मला सांगितलं का नाहीस?" त्यानं आजीकडं बघितलं. आजी म्हणाली, "सांग की बाईंना, काय खात न्हाईत त्या." मग जमिनीकडं बघत तो म्हणाला, "बाई मोबाईलमधी होत्या."

होतेच. आमची द्विशिक्षकी शाळा. पट ४१, त्यातली पहिली-दुसरीची २३ माझ्याकडं, तिसरी-चौथी सरांकडं, आणि तेच मुख्याध्यापक. खिडकीच्या एका कोपऱ्यातच रेंज येते, आणि आज किती मुलं जेवली याची माहिती त्याच वेळात भरायची असते. कुठली मुलं जेवली हे मी सरकारला कळवत होते आणि त्यातल्या एकाचा हात मोडला हे मला कळलं नाही. हा विनोद घरी नवऱ्याला सांगताना मला हसू आलं नाही.

आजीनं निघताना आणखी एक सांगितलं. "नाव सांगितलं की बाई वरडत्यात, म्हणत होता रात्री."

आमच्या भागात पोरं तक्रार करत नाहीत, 'नाव सांगतात'. बाई, ह्यानं माझं खोडरबर घेतलं. बाई, ही माझ्याकडं बघून दात इचकती. बाई, ह्यो म्हणतोय तुझी आई काळी हाय. दिवसाला पन्नास. माझं उत्तर ठरलेलं: "सारखी नावं सांगत येऊ नका. जा जाग्यावर." सोळा वर्षं हे वाक्य मी खडू उचलावा तसं वापरत आले. पोरांनी त्यातून जो धडा घ्यायचा तो बरोबर घेतला होता. बाईंकडं काही घेऊन गेलं की जाग्यावर परत जावं लागतं.

आणि उरलेलं काम आया करतात. रोज सकाळी फाटकाशी एक तरी आई रडक्या पोराला खेचत म्हणत असते, "थांब, बाईंनाच नाव सांगते तुझं, हाणतील मग कळंल." मी हाणत नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या १७ व्या कलमानं २०१० पासून ते बंदच आहे. पण माझ्या नावाचा वापर चालू आहे. मी लहान असताना आमची आई "गुरुजींना सांगू का?" एवढं म्हणाली की मी कारल्याची भाजीसुद्धा गिळायचे. बागुलबुवा, पोलीस, सुईवाला डॉक्टर आणि बाई या चौघांना एका रांगेत उभं करायचं, आणि वर म्हणायचं की काही झालं तर बाईंना सांग!

म्हणून मी ठरवलं की यंदा पोरांना सांगायला शिकवायचं. तेव्हा वाटत होतं की हे एका आठवड्याचं काम आहे.

एका प्रशिक्षणात बघितलेला खेळ आठवला. कागदावर पंजा ठेवून कडेनं पेन्सिल फिरवायची आणि प्रत्येक बोटावर एक माणूस लिहायचं, ज्याला आपण काहीही सांगू शकतो असं. मी नियम केला की तीन बोटं घरची, दोन शाळेची. पहिलीतल्यांना लिहिता येत नव्हतं, त्यांनी सांगायचं आणि मी लिहायचं. वेदांतनं हट्टानं प्लास्टरचाच हात कागदावर ठेवला. त्यामुळं त्याच्या पंजाला मनगटाच्या जागी एक जाड नळकांडं आलं आणि त्यातून पाच आखूड बोटं बाहेर. घरच्या तीन बोटांवर आई, आजी आणि मोत्या. मोत्या कुत्रा आहे. मी म्हटलं, कुत्र्याला सांगून काय होणार? तो म्हणाला, "त्यो कुणाला सांगत न्हाय." हे मी तेव्हा हसण्यावारी नेलं.

त्या रात्री शाळेच्या बोटांची मोजदाद केली. २३ पोरं, ४६ बोटं. खिचडी शिजवणाऱ्या मावशी १७. अंगणवाडीच्या ताई ९. चौथीतले दादा-ताया मिळून ११. सर ५. मी ४. त्या चारातल्या दोघी माझ्या समोर बसून, माझ्या तोंडाकडं बघत बघत सांगणाऱ्या होत्या, तेव्हा त्या धरायच्या की नाही ते तुम्हीच ठरवा.

वाईट वाटलं, खोटं का बोला. पण दुसऱ्या दिवशी मी मावशींना नीट बघितलं. अडीच हजार रुपये महिन्यावर ही बाई चाळीस पोरांचा स्वयंपाक करते. त्या तांदूळ निवडत व्हरांड्यात फतकल मारून बसल्या होत्या. पहिलीतलं पोरगं त्यांच्यापुढं उभं राहिलं की दोघांची तोंडं एका उंचीवर येत होती. पोरगं काहीतरी पुटपुटलं. मावशींचे हात सुपात चालूच होते, मान मात्र वर. "हां, मग?" एवढंच त्या म्हणाल्या. पोरगं आणखी बोललं. "हां, मग?" मी उभी असते. माझ्याशी बोलायचं तर त्या पोराला माझ्या पोटाशी बोलावं लागतं.

तिसऱ्या दिवसापासून वर्गात एक चौरंग आणून ठेवला. त्यावर बसायला लागले. गुडघ्यांनी आधी कुरकुर केली.

पुढची चूक मोठी होती. पंजे इतके सुरेख झाले होते की मी ते दोरीला चिमट्यांनी टांगले. पंधरा ऑगस्टला झेंडावंदनाला सगळं गाव शाळेत येतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. आईबाप आपापल्या लेकराच्या पंजाशी उभे राहिले आणि बोटं वाचायला लागले. पहिलीतल्या स्वराच्या पंजावर आई होती, मामा होता, आजी होती, वडील नव्हते. तिचे वडील काही बोलले नाहीत. दोनदा वाचलं आणि निघून गेले. दुसऱ्या दिवशी पोरगी आली ती थेट दोरीपाशी. तिनं पंजा काढून मागितला, खोडरबरनं पाचही बोटं खोडली, कागद फाटेपर्यंत खोडली, आणि मला म्हणाली, "समद्यावर पप्पा लिवा."

लिहिलं. काय करणार? आणि पोरं घरी गेल्यावर सगळे पंजे उतरवून ज्याच्या त्याच्या फाइलमध्ये कपाटात ठेवले. कुणी कुणाला विश्वासाचं मानावं ही भिंतीवर लावायची गोष्ट नव्हे, हे आधी सुचायला हवं होतं. मला सजावट सुचली.

त्याच महिन्यात बदलापूरच्या शाळेत दोन लहान मुलींवर अत्याचार झाल्याची घटना बाहेर आली, आणि ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस शाळांवर पत्रकांचा पाऊस पडला. सीसीटीव्ही, तक्रार पेटी, मुलांच्या सुरक्षेसाठी शाळेत नेमायची सखी सावित्री समिती. काही गोष्टी आधीपासून कागदावर होत्याच, आता त्यांचे फोटो मागितले जायला लागले. आम्हीही फोटो पाठवले. त्या गडबडीत केंद्रावर एक दिवसाचं प्रशिक्षण झालं ते मात्र कामाचं निघालं.

लैंगिक अत्याचारांपासून बालकांचं संरक्षण करणारा, आपण पॉक्सो म्हणतो तो कायदा २०१२ चा. मी तो पाठ केला होता, समजला त्या दिवशी. असा प्रकार कळला किंवा घडण्याची भीती वाटली, तरी पोलिसांना कळवणं १९ व्या कलमानं बंधनकारक आहे, कुणालाही. न कळवणं हा २१ व्या कलमाखाली गुन्हा, आणि संस्थेच्या प्रमुखाला त्यात शिक्षा जास्त. माझ्या डोक्यात इतकी वर्षं होतं की आधी आपण खात्री करून घ्यावी, उगाच कुणाच्या घरावर बालंट नको. मार्गदर्शक बाई म्हणाल्या, तपास पोलिसांचं काम. तुम्ही पोराला खोदून खोदून विचारलंत, 'त्यानं असंच केलं ना?' म्हणालात, तर पोराच्या सांगण्यात तुमचे शब्द मिसळतात. तुम्ही ऐकायचं. "बरं झालं सांगितलंस" म्हणायचं. आणि 'कुणाला सांगणार नाही' असा शब्द द्यायचा नाही.

त्यांनी आकडाही सांगितला. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास खात्यानं २००७ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास, तेरा राज्यं, १२,४४७ मुलं. ५३ टक्क्यांहून जास्त मुलांनी कुठल्या ना कुठल्या प्रकारच्या लैंगिक त्रासाबद्दल सांगितलं होतं, आणि बहुतेकांनी त्याआधी ते कुणालाच सांगितलेलं नव्हतं. आजूबाजूच्या बायका हळहळल्या. माझ्या डोळ्यापुढं मांडीवर ठेवलेला एक डावा हात होता. ज्याला हात मोडल्याचं सांगता येत नाही, तो ते काय सांगणार?

स्पर्शाचे धडे दिले. चड्डीखालचं अंग माझं, आई अंघोळ घालताना आणि डॉक्टर आईसमोर तपासताना सोडून कुणी हात लावायचा नाही. आधी मला स्वतःलाच ते शब्द मोठ्यानं उच्चारण्याची सवय करावी लागली, न्हाणीत आरशासमोर. पोरं एकदा फिदीफिदी हसली, दुसऱ्यांदा कमी, तिसऱ्यांदा नाही. ते अवघड नव्हतं. अवघड होतं ते तोंड उघडणं.

कारण सहा वर्षांच्या पोराला सुरुवातच करता येत नाही. ते येऊन उभं राहतं, पदराशी चाळा करतं, एका पायावरून दुसऱ्या पायावर होतं. आपण "काय रे?" म्हटलं की "काय न्हाय" म्हणून पळतं. म्हणून मी त्यांना एक वाक्य दिलं: "बाई, मला सांगायचंय." पुढं काय सांगायचं ते नंतर सुचेल, आधी एवढं म्हणायचं. परिपाठात प्रतिज्ञेनंतर रोज एकेकानं येऊन म्हणायचं. दोन आठवडे पोरांना त्याचं वेडच लागलं. "बाई, मला सांगायचंय, माझ्या चपलीला चिखल लागलाय." "बाई, मला सांगायचंय, आमची म्हस व्याली." म्हशीला रेडी झाली की रेडा, इथपर्यंत सगळं ऐकून घेतलं.

याच काळात मी 'नाव सांगणं' आणि 'मदत मागणं' यांत फरक शिकवायला गेले आणि तोंडावर आपटले. फळ्यावर दोन रकाने आखले. कुणाला त्रास व्हावा म्हणून सांगतो ते नाव सांगणं, कुणाचा त्रास थांबावा म्हणून सांगतो ती मदत. मला फार पटलं होतं. आरोहीनं विचारलं, "आणि त्यानं माझी वेणी वढली तर?" मी म्हटलं, दुखलं तर मदत. "दुखलं न्हाय, पण मला राग आला." मी रकाने पुसले. मोठ्या माणसांनाही न जमणारी निवड पोरांच्या गळ्यात मारायची आणि चुकली की गप्प बसवायचं, यात नवं काय होतं? त्यापेक्षा निवडायचं काम माझं. त्यांनी सगळं आणावं. खोडरबर पण.

मग नाटुकली. मी कामात असलेल्या बाई होते, मोबाईल कानाला लावून. पोरानं येऊन मला काहीतरी सांगायचं आणि मी लक्ष द्यायचं नाही. पहिली पाचही जणं एकदा म्हणाली आणि मान खाली घालून परत गेली. एकानं तर माझ्या तोंडाकडं बघून आधीच पाय मागं घेतला. मी त्यांना पंजा आठवायला सांगितला. एका बोटानं ऐकलं नाही तर काय करायचं? दुसरं बोट. बोटं पाच कशाला दिली आहेत मग? त्यानंतर आरोही आली. दोनदा म्हणाली. मी फोनवर बोलतच राहिले. ती कमरेवर हात ठेवून खेकसली, "ठेवा की तो मोबाईल!" आणि सगळा वर्ग हसून लोटपोट. तिला ते कुणी शिकवलं नव्हतं, बहुधा आईचं वाक्य असावं.

तालुक्याच्या पोलीस ठाण्यातून एक महिला कॉन्स्टेबल येऊन गेल्या. त्या गणवेशात दारात उभ्या राहिल्या आणि पहिलीतली तीन पोरं बाकाखाली. बिचाऱ्या स्वतःही खाली बसल्या आणि टोपी काढून पोरांच्या हातात दिली, तेव्हा कुठं जमलं. त्यांनी १०९८ हा मुलांच्या मदतीचा क्रमांक शिकवला. १९९६ मध्ये मुंबईत सुरू झालेली ही सेवा आता देशभर आहे. पहिलीला तेव्हा उतरता क्रम चालू होता, त्यामुळं दहा, नऊ, आठ हे त्यांना एका दमात पाठ झालं. एक पठ्ठ्या पुढं सात, सहा, पाच म्हणत शून्यापर्यंत गेला.

तक्रार पेटीची गंमत सांगायची राहिली. पत्रकाप्रमाणे व्हरांड्यात लाल पेटी लावली, कुलपासकट. माझी निम्मी पोरं लिहू शकत नव्हती, म्हणून मी सांगितलं की चित्र काढून टाका. दर शनिवारी आम्ही उघडायचो. पहिल्या शनिवारी एक चिंचोका, अर्धी पेन्सिल आणि गोळीचा कागद. दुसऱ्या शनिवारी एक चित्र: उभा चौकोन, त्यात काड्यांचा माणूस, चौकोनाच्या कडेला एक आडवी रेघ. सरांना वाटलं कपाट. मला वाटलं फ्रिज, कारण पोळ्यात कुणाच्या तरी घरी नवा फ्रिज आला होता. मी चित्राला 'छान' असा शेरा मारला आणि फाइलला लावलं.

दिवाळीनंतरची गोष्ट. वाढायची वेळ, सगळी पोरं पंगतीत. मावशी हातात पळी घेऊन व्हरांड्यातून मोठ्यानं म्हणाल्या, "अवो बाई, ह्या अनुष्काला पोरं संडासात कोंडत्यात! कडी लावत्यात भायेरनं! म्हणून पोर दिसभर पाणी पीत न्हाय!"

४१ माना वळल्या. अनुष्का पहिलीतली, पंगतीत सगळ्यात कडेला बसणारी. तिनं ताट पुढं सरकवलं आणि दोन्ही गुडघ्यांत डोकं घातलं.

मला आधी तो चौकोन आठवला. कडेची आडवी रेघ. ते चित्र दीड महिना फाइलमध्ये 'छान' होऊन पडलं होतं.

शौचालयाच्या दाराला बाहेरून कडी होती, कारण गावातल्या शेळ्या आत शिरायच्या. चौथीतल्या दोघांना त्यात खेळ सापडला होता. दार लावायचं, आतलं पोरगं रडेपर्यंत थांबायचं, मग उघडायचं. मी एकेकाला बाजूला घेऊन विचारलं तेव्हा कळलं की पहिलीतली सहा पोरं शाळेत पाणी पीत नव्हती. सहा. कुणी घरी जाईपर्यंत धरून ठेवायचं, एक जण मागच्या बाभळीखाली जायचा. त्या दोघांशी सर बोलले, त्यांच्या आईवडिलांशीही. वेल्डिंगवाल्याकडून बाहेरची कडी कापून काढली आणि दाराला स्प्रिंग बसवली, दार आपोआप मिटतं आणि शेळ्यांचाही प्रश्न मिटला. खर्च दीडशे रुपये. कडी ग्राइंडरनं कापताना ठिणग्या उडत होत्या, ते बघायला सगळी पहिली जमली होती आणि कडी खाली पडली तेव्हा त्यांनी टाळ्या वाजवल्या. अनुष्का लांब उभी होती. तिनं वाजवल्या नाहीत.

कारण तिचं आणि मावशींचं बिनसलं होतं. दोन दिवस ती मावशींच्या बाजूलाही फिरकली नाही. मी मावशींना संध्याकाळी चहाला थांबवलं. म्हटलं, तुम्ही केलंत ते फार मोठं केलंत, पण पोरानं कानात सांगितलेलं पळी घेऊन सांगायचं नसतं. त्यांचे डोळे भरले. "मला वाटलं वरडले तर तुमी लगीच कायतरी कराल. हळू सांगितलेलं कोण ऐकतंय आमचं?" यावर मी काय बोलणार? मीटिंगमध्ये त्यांचं म्हणणं शेवटी, आणि घाईत, ऐकणारी मीच होते. मग आमचं दोघींचं ठरलं. पोरानं काही सांगितलं की त्या सुट्टीत माझ्या चौरंगाशेजारी येऊन बसायच्या आणि "बाई, मला सांगायचंय" म्हणायच्या. पहिल्यांदा म्हणताना तोंडाला पदर लावून हसल्या.

अनुष्काला त्यांनी कसं मनवलं ते माहीत नाही. आठवड्याभरात ती परत सुपाशेजारी दिसायला लागली.

जानेवारीतल्या पालक सभेत मी एकच मागणं मांडलं: पोरांना माझ्या नावानं भिववू नका. आया हसल्या. मागून एक बाप म्हणाला, "मग तुमी बी आमच्या घरातलं काय काय इचारता म्हणं पोरांना? पोरं दहा नऊ आठ करत फिरत्यात घरात. आमच्यावर चढवताय का काय?" सभा गप्प झाली. खरं तर मला राग आला होता. पण सोळा वर्षांनी एवढं कळतं की बाप भांडतो तेव्हा बऱ्याचदा त्याला कसली तरी लाज वाटत असते. मी म्हटलं, तुमचं पोरगं रस्त्यात पडलं, विहिरीच्या काठाशी अडकलं, कुणी त्याला त्रास दिला, तर ते तुमच्याकडं पळत यावं असं वाटतं ना? त्याचाच सराव चाललाय. तो "हां" म्हणाला. पटलं असं दिसलं नाही. स्वराचे वडील शेवटच्या रांगेत होते. सभा संपल्यावर थांबून त्यांनी विचारलं, "त्या पंजाच्या चित्रात आता मी हाय का?" मी सांगितलं की ते आम्ही कुणालाच दाखवत नाही. ते बराच वेळ चप्पल घालत होते.

मार्चमध्ये शिवांश आला. दुसरीतला, बोलका, पण त्या दिवशी चौरंगापाशी येऊन नुसता उभा. मग ते वाक्य म्हणाला, आणि लगेच, "पण कुणाला सांगणार न्हाय ना?" आणि मी म्हणाले, "नाही." प्रशिक्षणातलं सगळं त्या एका क्षणी विसरले. समोर घाबरलेलं पोरगं असलं की तोंडातून आपोआप 'नाही' येतं. त्यानं सांगितलं की थोरल्या चुलतभावाबरोबर विहिरीवर पोहायला जातो तेव्हा भाऊ त्याचं डोकं पाण्याखाली दाबून धरतो. गंमत म्हणून. काल नाकातून रक्त आलं.

आता? शब्द पाळावा तर पोरगं विहिरीत, मोडावा तर पोरगं तुटतं. मी तासाभरानं त्याला परत बोलावलं. म्हटलं, शिवांश, माझं चुकलं. मी कुणाला सांगणार नाही म्हणाले, ते खोटं होतं. हे तुझ्या आईला सांगावं लागेल, कारण तुझ्या जिवाला धोका आहे. मी सांगताना तू बरोबर असशील. त्याला तसंच सोडून मी आधी आईकडं गेले असते तर ते सोपं झालं असतं. तो माझ्याकडं बघत राहिला. आईला आम्ही दोघांनी मिळून सांगितलं, म्हणजे मी सांगितलं आणि तो भिंतीशी उभा राहिला. विहीर बंद झाली. भावाला काय झालं असेल ते झालं. शिवांश नऊ दिवस माझ्याशी बोलला नाही. हजेरीला "हजर" सुद्धा सरांच्या वर्गाकडं बघून म्हणायचा. दहाव्या दिवशी वजाबाकीत हातचा कुठून आणायचा ते विचारायला आला. त्याच्या पलीकडं काही बोलला नाही, मीही बोलले नाही.

त्यानंतर कुणी 'कुणाला सांगणार नाही ना?' म्हटलं की मी म्हणते, "ज्याला सांगावं लागेल त्यालाच सांगेन, आणि आधी तुला सांगेन." लांबलचक आहे. पोरं ऐकून घेतात. दोघं जण ते ऐकून काही न सांगता परतही गेले. त्यांच्यावर माझी आणि मावशींची नजर आहे.

खिचडीची माहिती आता मी सुट्टीत भरत नाही. शेवटच्या तासाला पोरं चित्रं काढत असताना भरते. दोनदा उशीर झाला आणि वरून फोन आला. रेंजचं कारण सांगितलं.

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात पंजे पुन्हा काढले. या वेळी दाराला कडी (आतून), कागद घडी घालून थेट फाइलमध्ये. बोटं मोजायची नाहीत असं ठरवलं होतं, पण मोजली. मावशी अजून पुढं आहेत. मी किती ते सांगत नाही.

वेदांतनं या वेळीही डावाच हात ठेवला. आता प्लास्टर नव्हतं, मनगट बारीक, पेन्सिल फिरताना गुदगुल्या होऊन खिदळत होता. आई, आजी, मोत्या, मावशी. मोत्याला तो सोडायला तयार नव्हता, मीही आग्रह केला नाही. करंगळी तशीच कोरी ठेवून कागदाची घडी घालायला लागला.

"ही राहिली की रे. इथं कोण?"

त्यानं घडी उघडली, करंगळीकडं बघितलं, मग चौरंगावर बसलेल्या माझ्याकडं.

"अजून ठरलं न्हाय," म्हणाला, आणि कागद माझ्या हातात दिला.